‘बॉर्डरलाइनवर आहे म्हणजे अजून झालेलं नाही ना?’

डिसेंबर २०२३ मध्ये माझ्या आजाराचं नाव पहिल्यांदा नीट कागदावर आलं. घरी येऊन आईला सांगितलं, बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. आई तांदूळ निवडत होती, ताटातला हात थांबला आणि म्हणाली, "बॉर्डरलाइनवर आहे म्हणजे अजून झालेलं नाही ना? तुझ्या काकांची शुगर पण बॉर्डरलाइनवर होती. पथ्य पाळलं, आली खाली." मी काय समजावणार, मलाच त्या शब्दाचा खरा अर्थ दोन तासांपूर्वी कळला होता.

गेल्या महिन्यात माझ्या ग्रुप थेरपीचा दुसरा राउंड संपला, म्हणून आता सगळं एकदा ओळीने लिहून काढतेय. मी डोंबिवलीला राहते, वय ३२, एका सीए फर्ममध्ये अकाउंट्स बघते. घरी आई, दादा, वहिनी. कोणाला ह्यातून जायचं असेल किंवा घरातल्या कोणाला घेऊन जायचं असेल तर कुठे किती वेळ जातो, किती पैसे जातात आणि मी कुठे माती खाल्ली ते कळावं एवढाच उद्देश. मी डॉक्टर नाही हे सांगायला नकोच.

सुरुवात तशी २०१७ पासून. तेव्हाच्या फॅमिली डॉक्टरांनी डिप्रेशन म्हणून गोळ्या दिल्या, सहा महिने घेतल्या, बरं वाटलं की वाटलं नाही आठवत नाही, सोडल्या. ते सोडून देऊ.

मार्च २०२२ ला एका प्रायव्हेट सायकियाट्रिस्टकडे गेले, पहिल्या वेळी १,२०० रुपये, नंतर दर वेळी ७००. त्यांनी विचारलं, कधी खूप उत्साह, कधी एकदम खाली, असं होतं का? हो, होतं. पैसे उडवता का? हो. (एका संध्याकाळी मी ऑनलाइन १४ हजारांची बेकिंगची भांडी मागवली होती, तोपर्यंत आयुष्यात साधा केक केला नव्हता.) झोप कमी? हो. बायपोलर टाइप टू, लिथियम सुरू. लिथियम म्हणजे नुसती गोळी नसते, रक्तातलं प्रमाण तपासायला लागतं, बरोबर क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि थायरॉइड, दर तीन महिन्यांनी लॅबला हजार-बाराशे. हात थरथरायचे, एक्सेलमध्ये माउस धरला की बाजूचा मुलगा विचारायचा, चहा जास्त झाला का. डॉक्टर वाईट नव्हते हो. त्यांना जे सांगितलं त्यावरून त्यांनी ठरवलं, आणि सांगण्यात माझी काय चूक होत होती ते मला दीड वर्षाने कळलं. ते पुढे येतंच.

आधी तेव्हा घरात काय चाललेलं ते सांगते, त्याशिवाय हा आजार कळणार नाही. माझी एक मैत्रीण होती, तिला प म्हणू. प ने मेसेज बघितला, ब्लू टिक आली आणि उत्तर आलं नाही, की पहिली पाच मिनिटं ठीक जायची. मग पोटात खड्डा. मग 'बिझी आहेस का', मग 'काही चुकलं का माझं', मग 'ठीक आहे कळलं', मग 'मला माहितीच होतं तू पण सगळ्यांसारखीच', आणि चाळीस मिनिटांत १७ मेसेज टाकून शेवटी मी तिला ब्लॉक केलेलं असायचं. आणि ती बिचारी डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडून पडलेली. संध्याकाळी तिचा फोन दादाच्या मोबाइलवर, मी रडून माफी मागणार, रात्री ती परत जगातली सगळ्यात चांगली व्यक्ती. असं मी तिला ११ वेळा ब्लॉक केलंय. मधला अधला रंगच नव्हता, माणूस एकतर देव नाहीतर वैरी, आणि दोन्ही वेळा मला ते शंभर टक्के खरं वाटायचं. हे मुद्दाम लिहितेय कारण बाहेरून बघणाऱ्याला ते नाटक वाटतं. वहिनी म्हणायचीच, "ताईंचं परत सुरू झालं." आई मीठमोहरी ओवाळून दृष्ट काढायची. मला त्याचा राग यायचा पण खरं सांगू, ती ओवाळत असायची तेवढा वेळ बरं वाटायचं, कोणीतरी समोर उभं आहे म्हणून.

आणि वादळ नसेल तेव्हा रिकामं. गणपती गेल्यावर मखर दिसतं ना, लाइटिंग तशीच, पाट तसाच आणि मधे काही नाही, तसं. ते रिकामपण भरायला मी तबला लावला, सोडला, एमपीएससीचा क्लास लावला, सोडला, बेकिंगचं वर आलंच.

ऑगस्ट २०२३, राखीपौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात एका रात्री मला ऍडमिट करायला लागलं. काय झालं त्याचा तपशील लिहिणार नाही, ज्यांना कळायचं त्यांना कळलं. लिहायचंय ते नंतरच्या कागदांबद्दल, कारण ते आधी कोणीच सांगत नाही. अशा केसमध्ये हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, त्याला एमएलसी म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला येतो. आई एवढी घाबरली की तिला वाटलं मला तिथूनच घेऊन जाणार. तसं होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमात आहे की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं आणि त्याच्यावर खटला भरायचा नाही. आलेले काका साधे होते, चार ओळी लिहिल्या, सही घेतली, आणि जाताना आईला म्हणाले, "पाणी प्या जरा." डिस्चार्ज समरीची ओरिजिनल आणि बिलांच्या दोन झेरॉक्स तेव्हाच घेऊन ठेवा, नंतर मागायला गेलं की रेकॉर्ड रूमचे हेलपाटे. आणि अशी रात्र कोणावर आली, किंवा येईलसं वाटलं, तर टेलिमानस म्हणून सरकारी फोन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. मी नंतर दोनदा लावला. एकदा फोनवरची बाई माझ्याशी वीस मिनिटं बोलली, त्यातली दहा मी नुसती रडत होते आणि तिने घाई केली नाही.

तीन दिवसांचं बिल ४१,३०० झालं. दादाने माझ्या पॉलिसीवर क्लेम टाकला, तीन आठवड्यांनी पत्र, मानसिक आजार पॉलिसीत बसत नाही. दादा बँकेत आहे, त्याला असल्या पत्रांचा स्पेशल राग येतो. त्याने शोधून काढलं की त्याच कायद्याच्या २१ व्या कलमात चौथं पोटकलम आहे, शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला द्यायला हवा, आणि विमा नियामकानेही ऑगस्ट २०१८ मध्ये सगळ्या कंपन्यांना तसं कळवलंय. कलम लिहून कंपनीच्या तक्रार विभागाला मेल केला. इथे क्रम लक्षात ठेवा, आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिनाभर उत्तराची वाट, उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तरच विमा लोकपाल, त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. आम्ही लोकपालाचा फॉर्म भरला, आणि सुनावणीच्या आधीच कंपनीने ३६,८५० दिले. एकूण पाच महिने. ओपीडी आणि थेरपीचा मात्र एक रुपया मिळाला नाही, माझ्या पॉलिसीत ओपीडी नव्हतीच.

डिस्चार्जनंतर प्रायव्हेट परवडेना म्हणून पालिकेच्या एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. केसपेपर दहा रुपये. खिडकी आठला उघडते असं लिहिलेलं, लोक साडेसहापासून बसलेले, पिशवी ठेवून नंबर लावायचा, माझ्या पिशवीच्या पुढे ३४ पिशव्या. बिस्किटाचा पुडा, पाण्याची बाटली आणि चार्ज केलेला फोन, एवढं न्याच. आत नंबर लागला सव्वाबाराला. एक रेसिडेंट डॉक्टर होती, माझ्यापेक्षा लहानच असेल. तिने विचारलं, आता कसं वाटतंय? मी म्हटलं, आता ठीक आहे.

आणि तीच तर गोम होती! मी ओपीडीला नेहमी बऱ्या दिवशीच जायचे, कारण वाईट दिवशी अंथरुणातून उठवतच नाही, आणि वाईट दिवस म्हणजे तरी काय, वाईट तास असायचे. अपॉइंटमेंट येईपर्यंत वादळ निघून गेलेलं, मागचं आठवायचं पण जाणवायचं नाही, मग मी डॉक्टरला त्याचा सारांश सांगायचे, 'कधी खूप वर कधी खूप खाली'. त्या सारांशावरून बायपोलरच वाटणार.

ती डॉक्टर म्हणाली, महिनाभर रोज लिहून आणा, सकाळ दुपार संध्याकाळ रात्र, शून्य ते दहा, आणि बाजूला कारण एका शब्दात. वही केली तर मी ती चार दिवसांत सोडणार हे मला माहीत होतं. स्वयंपाकघरात कालनिर्णय लटकलेलं असतं, आई त्यात दुधाचा हिशोब लिहिते, अर्धा लिटरला अ, एक लिटरला काही नाही, भैया आला नाही तर खाडा. त्याच चौकटींमध्ये पेन्सिलीने लिहायला लागले. सप्टेंबर २०२३, गणपती त्याच महिन्यात, चौकटीत आधीच उपास आणि सणांची गर्दी, त्यात माझे आकडे मुंगीएवढे.

३ ऑक्टोबरला सप्टेंबरचं पान फाडून घेऊन गेले (आईची कटकट, दुधाचे पैसे अजून द्यायचे होते, तिने आधी वेगळ्या कागदावर उतरवून घेतलं). डॉक्टरने पान टेबलावर पसरलं आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. मग एका चौकटीवर बोट ठेवलं. स ७, दु २, सं ८, रा ०. बाजूला: 'प फोन नाही', 'प आली, वडापाव', 'प लवकर गेली'. म्हणाली, बायपोलरमधला वरचा काळ निदान चार दिवस तरी सलग टिकायला हवा, तो दिवस-दिवस, आठवडे चालतो. तुमचं तर जेवणाच्या सुट्टीत बदलतंय. "आणि अजून एक बघा, प्रत्येक बदलाच्या शेजारी माणसाचं नाव आहे. औषधाचं नाही, झोपेचं नाही, माणसाचं." मी पान परत बघितलं. २९ दिवसांत प १९ वेळा, फर्मचे सर ६ वेळा, वहिनी ४. मी दिवसभर लोकांचे लेजर टॅली करते आणि स्वतःचं हे खातं मला कधी दिसलं नव्हतं.

त्यांनी लगेच निदान लिहिलं नाही, सायकॉलॉजिकल टेस्टिंगला पाठवलं. तिथे तेव्हा अडीच महिन्यांचं वेटिंग, म्हणून ते बाहेर केलं, ५,५०० रुपये, नोव्हेंबरमध्ये तीन बैठका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना त्यांचा आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) रजिस्ट्रेशन नंबर विचारा, विचारायला लाजू नका, नीट शिकलेला माणूस लगेच देतो. शाईच्या डागांची टेस्ट झाली, शेकडो वाक्यांना हो-नाही झालं, पण सगळ्यात जास्त वेळ गेला नुसत्या प्रश्नांमध्ये. डीएसएम नावाच्या, मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात ह्या आजाराची नऊ लक्षणं आहेत, त्यातली पाच लागतात. माणूस सोडून जाईल ही भीती आणि ते टाळायची धडपड, नात्यांमधलं देव-वैरी, आपण नक्की कोण हे न कळणं, विचार न करता केलेले खर्च वगैरे, स्वतःला इजा, तासातासाला बदलणारा मूड, रिकामपण, आवरत नाही असा राग, आणि फार ताण आला की सगळे विरोधात आहेत असं वाटणं किंवा आपण आपल्यातच नाही असं होणं. माझी सात निघाली. आता मी अकाउंट्सवाली, घरी येऊन हिशोब केला, नवातून पाच किंवा जास्त निवडायचे २५६ प्रकार होतात. म्हणजे दोघांना हाच आजार असला तरी दोघं अगदी वेगळे दिसू शकतात. नेटवर कोणाचं वाचून 'हे तर माझ्यासारखं नाही' म्हणून मी २०२२ लाच हे नाव बाजूला टाकलं होतं, त्याचं उत्तर इथे मिळालं.

रिपोर्टवर एफ ६०.३ असा कोड आला, आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला. बॉर्डर कसली, तर १९३८ मध्ये ऍडॉल्फ स्टर्न नावाच्या अमेरिकन मनोविश्लेषकाने न्यूरोसिस (चिंता, भीती वगैरे, पण वास्तवाचं भान असतं) आणि सायकोसिस (वास्तवाचं भान सुटतं) ह्यांच्या सीमेवरचे पेशंट म्हणून हा शब्द वापरला, १९८० ला तो डीएसएममध्ये गेला, आणि ती सीमेची कल्पना मागे पडली तरी नाव चिकटलं. आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, मग नाव बदलत का नाहीत? बरोबरच आहे तिचं.

आता माझा मूर्खपणा. जानेवारी २०२४ मध्ये ओपीडीला गेले तर ती डॉक्टर नव्हती. रेसिडेंट लोकांची ड्युटी बदलते, दुसऱ्या युनिटला गेली, साधी गोष्ट. मी बाहेरच्या बाकावर बसून केसपेपरचे चार तुकडे केले. सोडून गेली, न सांगता, मला माहितीच होतं, वगैरे सगळी टेप. शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांनी खाली वाकून तुकडे गोळा केले, माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "औषधाच्या खिडकीवर चिकटपट्टी असते." होती. तो चिकटवलेला केसपेपर अजून चालतोय. सरकारी ठिकाणी डॉक्टर बदलणार हे धरूनच चाला, प्रत्येक केसपेपरचा फोटो काढून ठेवा आणि आपली गोष्ट एका पानात लिहून ठेवा, दर वेळी नव्याने सांगताना आपण परत सारांशावर येतो.

नव्या डॉक्टरांनी लिथियम हळूहळू, आठवड्याआठवड्याने कमी करून बंद केलं. मनाने बंद करू नका, प्लीज. ह्या आजारासाठी म्हणून मंजूर झालेलं असं एकही औषध नाही, बरोबर डिप्रेशन किंवा झोपेचा त्रास असेल तर त्याच्या गोळ्या देतात. मुख्य उपचार बोलण्याचा, त्यातली डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, डीबीटी, मला मिळाली. आठवड्याला एकटीचं सेशन, फी १,४००, पगाराची स्लिप दाखवल्यावर ९०० केली (विचारलं तर करतात, मी विचारायला महिना लावला). शिवाय ऑनलाइन ग्रुप, २४ आठवडे, दर क्लास ८००. फेब्रुवारी ते ऑगस्ट एक राउंड, मग तेच सगळं परत, फेब्रुवारी २०२५ पर्यंत. चौदा महिन्यांत ९५ हजारांच्या आसपास गेले. बेकिंगची भांडी विकून त्यातले ६ हजार आले.

ग्रुप म्हणजे गोलात बसून रडणं असेल असं वाटलं होतं. तो चक्क क्लास निघाला, होमवर्क, पत्रकं, मागचा गृहपाठ केला नाही तर का नाही केला ह्यावर चर्चा. ही थेरपी ज्यांनी काढली त्या मार्शा लिनेहान ह्यांनी २०११ मध्ये जाहीर सांगितलं की वयाच्या सतराव्या वर्षी त्या स्वतः अशाच कारणांनी मनोरुग्णालयात होत्या. हे ऐकल्यावर ग्रुपमधल्या आठ चौकटींपैकी तीन चौकटींचे कॅमेरे पहिल्यांदा चालू झाले.

सगळ्यात जास्त काय उपयोगी पडलं तर थंडगार पाणी. खरंच. डोकं फिरायला लागलं की पातेल्यात फ्रिजचं पाणी आणि बर्फ, श्वास रोखून चेहरा अर्धा मिनिट त्यात. हृदयाचे ठोके उतरतात, विचार करण्याइतकी जागा होते. (हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.) पहिल्यांदा केलं तेव्हा वहिनी दूध तापवायला आली, मी पातेल्यात तोंड घालून उभी. ती काही न बोलता गेली आणि दादाला उठवून घेऊन आली! आता ती स्वतःच बर्फाचा ट्रे भरून ठेवते. दुसरं, फॅक्ट्स तपासणे. ब्लू टिक ही फॅक्ट, 'सोडून गेली' हा मी लावलेला अर्थ. ऐकायला बालिश वाटतं, पण हे मधल्या पाच मिनिटांत आठवायला मला सात महिने लागले.

घरच्यांसाठी एक सेशन होतं, आई आणि दादा आले. तिथे सांगितलं की जन्मतःच भावना जास्त तीव्र असणं आणि आजूबाजूच्यांनी 'त्यात काय एवढं' म्हणत राहणं, दोन्ही मिळून हे वाढतं. आई ऐकून गप्प झाली, घरी येताना लोकलमध्ये म्हणाली, म्हणजे माझ्यामुळे. असं नाही ते, पण तिला ते पटायला वेळ लागला, मलाही. आधी भावना मान्य करा, मग उपाय सांगा, असं त्यांना शिकवलं होतं, आई ते अगदी पाठ केल्यासारखं करते. मी तणतणत आले की ती म्हणते, "तुला वाईट वाटलं असेल. आता जेव."

बरं होतं का, हे मी पहिल्याच सेशनला विचारलं होतं. थेरपिस्टने अमेरिकेतल्या मॅक्लीन हॉस्पिटलचा अभ्यास सांगितला, २९० पेशंट दहा वर्षं बघितले, त्यातले ९३ टक्के किमान सलग दोन वर्षं लक्षणांच्या बाहेर राहिले. मी खूश. मग तिने दुसरा आकडा सांगितला, काम आणि नाती दोन्ही नीट रुळावर आलेले निम्मेच. मला तेव्हा राग आला होता, कशाला सांगितलं म्हणून. आता वाटतं बरं झालं. माझं कामाचं ठीक चाललंय. नात्यांचं, प आता बंगळुरूला असते, तिने स्पष्ट सांगितलं की रोज जमणार नाही, रविवारी बोलू. दर रविवारी बोलतो. मागच्या रविवारी तिचा फोन आला नाही, पातेलं काढायला लागलं, पण ब्लॉक केलं नाही.

कालनिर्णयावर लिहिणं मात्र सुटलं नाही, डॉक्टर म्हणाले आता आकडे नकोत, नुसता वाईट दिवसाला गोल करा. मार्चच्या पानावर आत्तापर्यंत चार गोल आहेत. काल सकाळी आई चष्मा लावून दुधाचा हिशोब करत होती, एका चौकटीवर पेन टेकवून म्हणाली, "हा गोल तुझा का खाडा?" मी जाऊन बघितलं. खाडा होता.